फिरकीचा आखाडा कुणाच्या फायद्याचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोमवारच्या अंकात ईडन गार्डन्सवरच्या दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या टेस्टची (नोव्हेंबर २०२५) बातमी वाचली आणि कालपासून डोकं तापलंय, म्हणून आज लिहायलाच बसलो. १२४ रन हवे होते आणि आपण ९३ वर खलास. कॅप्टन गिलची मान धरली म्हणून तो बॅटिंगला येऊ शकला नाही हे मान्य, पण बाकीचे होते ना? वर कोच गंभीर म्हणतात की आम्हाला हवं होतं तसंच पिच मिळालं, खेळताच येणार नाही असं त्यात काही नव्हतं. तुमच्या वार्ताहराने पण तीच री ओढलीये, त्यांचा कॅप्टन बवुमाने नाही का नाबाद ५५ काढल्या म्हणे. अहो, अख्ख्या मॅचमधली ती एकमेव फिफ्टी! चार इनिंग झाल्या आणि एकदाही कुणाला दोनशे गाठता आले नाहीत. बवुमा ग्रेटच खेळला, त्याबद्दल वादच नाही, पण एक जण टिकला म्हणून पिच चांगलं होत नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. असं पिच बनवून आपण आपलाच फायदा घालवतो, आणि हे किती वेळा बघायचं? २०१२ ला वानखेडेवर कॅप्टन धोनीने टर्नर, म्हणजे बॉल खूप वळणारं पिच मागितलं, इंग्लंडच्या पानेसर आणि स्वान दोघांनी मिळून आपल्या १९ विकेट काढल्या. २०१७ ला पुण्याजवळ गहुंजेत ऑस्ट्रेलियाच्या ओकीफने १२ घेतल्या, पहिल्या इनिंगमध्ये आपले शेवटचे सात जण ११ रनमध्ये आउट झाले होते, ते पिच मॅच रेफरीने ‘पुअर’ म्हणजे खराब ठरवलं. २०२३ ला इंदूरमध्ये ऑस्ट्रेलियाच्याच कुन्हेमन आणि लायनने आपल्याला गुंडाळलं. २०२४ ला परत गहुंजे, न्यूझीलंडच्या सँटनरच्या १३ विकेट, त्याने त्याआधी टेस्टमध्ये कधी एका इनिंगमध्ये पाच विकेटसुद्धा घेतल्या नव्हत्या! लगेच वानखेडेवर त्यांच्याच एजाज पटेलच्या ११. आता ईडनवर दक्षिण आफ्रिकेचा हार्मर. यातले सगळे काही अश्विन-जडेजाच्या तोडीचे नाहीत, पण पहिल्या दिवसापासून बॉल हातभर वळायला लागला की तोडीचे होतात. चांगल्या पिचवर स्पिनरला फ्लाइट द्यावी लागते, म्हणजे बॉल हवेत उंच सोडावा लागतो, बॅट्समनला फसवावं लागतं, तासन्तास एका टप्प्यावर टाकावं लागतं, आणि तिथे आपले बॉलर भारी पडतात. असल्या फिरकीच्या आखाड्यात नुसतं जागेवर टाकलं तरी पुरतं, कारण कुठला वळणार आणि कुठला सरळ घुसणार हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं.

याच वानखेडेवर डिसेंबर २०१६ मध्ये काय झालं होतं आठवा. इंग्लंडने पहिल्या इनिंगमध्ये ४०० केल्या, आपण ६३१, कोहली २३५, आणि मॅच पाचव्या दिवशी सकाळी आपण एका डावाने जिंकलो, अश्विनच्या १२ विकेट! ४०० करूनही इंग्लंड डावाने हरलं, याचा अर्थ साध्या पिचवर आपणच जास्त चांगले होतो. २०२४ च्या सुरुवातीला इंग्लंडला ४-१ हरवलं तेव्हाही विशाखापट्टणम आणि राजकोटला जैस्वालने डबल सेंच्युऱ्या मारल्या, बुमराने रिव्हर्स स्विंगवर मॅच फिरवली. तेव्हा कुठे लागला आखाडा?

२०२४ ची ती गहुंजेची मॅच माझ्या घरापासून जवळ, म्हणून मी शुक्रवारी गेलो होतो. उन्हात बसून आपले १५६ वर ऑल आउट बघितले. कोहली सँटनरच्या फुलटॉसवर बोल्ड झाला, बॉल जमिनीला लागलाच नाही, तरी गेला. वळेल वळेल हेच डोक्यात बसलं की असंच होतं, बॅट आडवी जाते. आणि रविवारची तिकिटं मी मुद्दाम भाच्यासाठी काढून ठेवली होती, साताऱ्याहून शुक्रवारी रात्रीच आला होता पोरगा, ऑफस्पिन टाकतो, अश्विनला डोळ्यांनी बघायचं म्हणून आठवडाभर झोपला नव्हता. शनिवारी संध्याकाळपर्यंत मॅच संपली. टीव्हीसमोर बसून जैस्वालच्या ७७ रन बघितल्या आणि मग एकेक जण गेला. रविवारी त्याला परत एसटीत बसवून दिलं, तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. पाच दिवसांची तिकिटं विकता तर चौथ्या दिवसापर्यंत तरी मॅच जाईल असं पिच द्या की! ज्यांना ही मुलं टेस्ट बघायला यायला हवी आहेत त्यांनीच त्यांचा रविवार खाल्ला.

आणि हरलो की शिव्या कोणाला, तर ग्राउंड्समनला. काळी माती पाणी धरून ठेवते, नीट पाणी मारून रोलर फिरवला तर पिच घट्ट बसतं, पाणी लवकर बंद केलं की भेगा पडतात आणि बॉल खाली राहतो. लाल मातीत बाउन्स जास्त. हे त्या माणसाला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. पाणी कधी तोडायचं हा निरोप त्याला वरून येत असेल तर जाब वरच्यांना विचारा, आणि तो तुमच्या पेपरने विचारायला हवा, गंभीरचं म्हणणं जसंच्या तसं छापून मोकळं व्हायला नको.

जाता जाता अजून एक. टेस्टमध्ये आपल्या पोरांना स्पिन खेळता येत नाही म्हणून तुम्ही अर्धं पान लिहिता, पण रणजीत चार-चार दिवस जी मुलं स्पिन खेळून सेंच्युरी मारतात त्यांचं नाव तुमच्या पेपरात शोधून सापडत नाही. महाराष्ट्राच्या मॅचचं पूर्ण स्कोअरकार्ड तुम्ही छापायचं बंद केलंय, दोन ओळी असतात, त्याही जाहिरातीच्या खाली. आयपीएलच्या लिलावाला मात्र रंगीत पान मिळतं. पूर्वी आम्ही रणजीचे आकडे कापून वहीत चिकटवायचो. स्कोअरकार्ड परत सुरू करा, बारीक टाइपात दिलं तरी चालेल.

– एक नियमित वाचक, निगडी