अण्वस्त्रांना खरा धोका कोणाचा?

पाकिस्तानात अतिरेकी हल्ला झाला की आपल्या वाहिन्यांवर ‘अणुबॉम्ब तालिबानच्या हाती’ अशी आरोळी उठते. बंदूकधारी टोळी इस्लामाबादवर चालून जाईल आणि बॉम्ब उचलून नेईल, हे मला तरी पटत नाही. 2009 मध्ये पाकिस्तानी तालिबान स्वात खोऱ्यातून बुनेर जिल्ह्यापर्यंत, राजधानीपासून शंभरेक किलोमीटरवर आले होते. लष्कराने मनावर घेताच त्यांना मागे रेटले.

खरी भीती आहे ती कुंपणानेच शेत खाण्याची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयात हल्लेखोर लष्करी गणवेशात शिरले. जानेवारी 2011 मध्ये पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. 2014 मध्ये ‘झुल्फिकार’ ही युद्धनौका बळकावण्याचा प्रयत्न झाला, त्यातही नौदलातलेच लोक होते. अण्वस्त्रांची राखण करणाऱ्या स्ट्रॅटेजिक प्लॅन्स डिव्हिजनमध्ये माणसे पारखून घेतात, हे खरे. पण तासीर यांचा मारेकरीही पोलिसांच्या एलिट फोर्समधलाच होता!

त्यात ‘नस्र’सारखी, अण्वस्त्र वाहून नेणारी पण जेमतेम 60-70 किलोमीटर पल्ल्याची क्षेपणास्त्रे. ती वापरायची तर तणावाच्या काळात कोठारातून काढून सीमेजवळ न्यावी लागतील, म्हणजे जास्त हातांत जातील. आपल्याकडच्या चर्चांत याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

– एक वाचक, ठाणे