कलकत्त्याच्या रुपयांचा चषक आणि शनिवारचा सामना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारी दुबईत भारत-पाकिस्तान सामना आहे. त्यामुळे या आठवड्यात क्रीडा पानावर दुसऱ्या कशालाही जागा मिळणे कठीण, याची मला कल्पना आहे. तरीही आदल्या दिवशी, शनिवारी २२ फेब्रुवारी २०२५ ला, लंडनच्या ट्विकनम मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात रग्बीचा जो सामना रंगणार आहे, त्याकडे तुमच्या वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र. युरोपातल्या सहा देशांच्या 'सिक्स नेशन्स' स्पर्धेतला हा सामना आपल्या वेळेनुसार रात्री सव्वादहाला सुरू होईल. जिंकणारा संघ जो चषक उचलतो, त्याचे नाव 'कलकत्ता कप'.

१८७२ सालच्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यातल्या ब्रिटिशांनी रग्बीचा एक सामना खेळला आणि पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. सुरुवातीला सभासदांची रीघ लागली. पण तिथली हवा या खेळाला मानवली नाही, खेळणारी पलटण दुसरीकडे गेली, उरलेले लोक टेनिस आणि पोलोकडे वळले. क्लबातली फुकट दारू बंद झाल्यावर आणखी काही जण गळाले, असेही सांगतात. क्लब गुंडाळायची वेळ आली तेव्हा बँकेत शिल्लक होती. कर्णधार, सचिव आणि खजिनदार ही तिन्ही पदे सांभाळणारे जी. ए. जेम्स रॉथनी यांनी सुचवले, की ती मेजवानीत उडवण्यापेक्षा तिचा चषक करू. खात्यातून चांदीचे २७० रुपये काढले, ते वितळवले आणि इथल्याच कारागिरांकडून चषक घडवून इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. त्याचे तीन कान म्हणजे तीन नाग आहेत, आणि झाकणावर हत्ती उभा आहे. १८७९ साली एडिंबरात या चषकासाठी पहिली लढत झाली. ती बरोबरीत सुटली.

१९८८ साली सामन्यानंतरच्या रात्री दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूने हाच चषक एडिंबराच्या रस्त्यावर नेला आणि चेंडूसारखा लाथाडला. चषक चेपला. पुढे दुरुस्ती झाली, पण तो इतका नाजूक झाला आहे की जपूनच ठेवावा लागतो. आपल्या कारागिरांच्या हातच्या कामाची ती विटंबना आठवली की आजही चीड येते.

आता सामन्याविषयी. गेली चार वर्षे, २०२१ ते २०२४, हा चषक सलग स्कॉटलंडने जिंकला आहे. शनिवारी जिंकले तर सलग पाचवा विजय, आणि तो त्यांना आजवर कधीच साधलेला नाही. ट्विकनमवर १९८३ नंतर ३८ वर्षे स्कॉटलंडला एक विजय मिळत नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या चार विजयांची किंमत कळते. या काळात इंग्लंडला सर्वांत जास्त छळले ते डावीकडच्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळणाऱ्या डुहान व्हॅन डर मर्व्हने. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, अंगाने धिप्पाड, आणि एवढे शरीर घेऊन पळतो मात्र वाऱ्यासारखा. या चार सामन्यांत त्याचे सहा ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणे) आहेत. २०२३ मध्ये ट्विकनमवर स्वतःच्याच अर्ध्यात चेंडू हातात आला असताना तो इंग्लंडच्या एकामागून एक बचावपटूंना चुकवत थेट गोलरेषेपलीकडे पोचला. गेल्या वर्षी एडिंबरातल्या मरेफिल्ड मैदानावर तर त्याने तीन ट्राय केले. त्यातला तिसरा मी पुन्हा पुन्हा पाहतो. स्कॉटलंडचा खेळ चालवणाऱ्या फिन रसेलने मैदानाच्या आडव्या दिशेने चेंडू उंच मारला आणि तो नेमका धावत येणाऱ्या व्हॅन डर मर्व्हच्या पुढ्यात पडला. बचाव एका बाजूला दाटला आहे, हे रसेलला चेंडू पायावर घेण्याआधीच दिसलेले असते.

म्हणूनच रसेल खेळणार ही स्कॉटलंडसाठी सर्वांत मोठी बातमी आहे. याच स्पर्धेत आयर्लंडविरुद्ध तो आणि त्याचा सहकारी डार्सी ग्रॅहम यांची डोक्याला डोके आपटून टक्कर झाली आणि दोघांनाही बाहेर जावे लागले. ग्रॅहम या सामन्याला मुकला आहे. रसेल वैद्यकीय चाचण्या पार करून परतला आहे. नियमित कर्णधार सियोने टुइपुलोटू दुखापतीमुळे आधीच बाहेर आहे. त्यामुळे इटलीविरुद्ध तीन ट्राय करणाऱ्या ह्यू जोन्सला मधल्या फळीत त्याच्या हक्काच्या साथीदाराशिवाय खेळावे लागेल. आयर्लंडने स्कॉटलंडला ३२-१८ असे सहज हरवले, ते विसरून चालणार नाही. पहिल्या अर्ध्या तासात फॉरवर्ड्स, म्हणजे चेंडू मिळवून देणारे पुढच्या फळीतले खेळाडू, मागे रेटले गेले, तर रसेलला जादू दाखवायला चेंडूच मिळत नाही.

इंग्लंडचे बळ नेमके तिथेच आहे. कर्णधार मारो इटोजे, एलिस गेंज, टॉम करी हे स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे फॉरवर्ड्स एकमेकांना भिडून रेटतात त्यात) आणि जमिनीवरच्या चेंडूच्या झटापटीत कोणालाही भारी पडतात. गेल्या शरद ऋतूत न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध हातातले सामने त्यांनी शेवटच्या क्षणी घालवले होते. दोन आठवड्यांपूर्वी फ्रान्सविरुद्ध मात्र उलटे घडले. शेवटच्या मिनिटांत एलियट डेलीने ट्राय केला, तरुण फिन स्मिथने त्यावरची किक साधली आणि इंग्लंड २६-२५ असे जिंकले. अर्थात त्या दिवशी फ्रान्सने चेंडू किती वेळा सांडला! रेषा समोर मोकळी असताना आंत्वान द्युपाँच्या हातून चेंडू निसटला, असे दृश्य पुन्हा दिसायचे नाही. त्या एका विजयावरून इंग्लंड सावरले, असे मी तरी मानणार नाही. शिवाय मार्कस स्मिथला दहा क्रमांकावरून, म्हणजे खेळ चालवणाऱ्या जागेवरून, हलवून फुलबॅकला, म्हणजे सर्वांत मागे, खेळवणे मला धोक्याचे वाटते. उंच किकखाली उभे राहणे हे त्याचे रोजचे काम नव्हे, आणि रसेल त्याला तिथे सारखा तपासणार.

माझा कौल स्कॉटलंडला, तीन-चार गुणांनी. साठाव्या मिनिटाला ते पुढे असले तर नक्कीच.

रग्बी आपल्याला अगदीच परकी आहे असेही नाही. मुंबईत आझाद मैदानाला लागून बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर भर पावसात, चिखलात लोळून हा खेळ खेळला जातो. चर्चगेटहून सीएसएमटीकडे चालत जाणाऱ्या अनेकांनी तो कुंपणाबाहेर थांबून पाहिला असेल. अभिनेते राहुल बोस भारतासाठी खेळले आणि आता देशाच्या रग्बी संघटनेचे अध्यक्ष आहेत. पुण्याच्या वाहबिझ भरूचा यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे. शाळा-कॉलेजांतल्या ज्या मुली आज ओव्हल चेंडू घेऊन सराव करतात, त्यांना आपल्या खेळाचे नाव वर्तमानपत्रात दिसले तर हवेच आहे.

सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर संपेल, तेव्हा रविवारच्या अंकात निकाल येणे अवघड आहे. सोमवारचे पान दुबईने व्यापलेले असेल. तरी त्याच पानाच्या एखाद्या कोपऱ्यात चार ओळी द्याव्यात, ही विनंती: निकाल, ट्राय कोणी केले, आणि जमल्यास त्या हत्तीच्या चषकाचा एक फोटो.

आपला,
एक रग्बीप्रेमी वाचक,
दादर, मुंबई