उंदराची जखम भरली, मोठ्या बाबांचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

मागे तुमच्या पेपरात जखमेवरच्या संशोधनाची बातमी आली होती, हेडिंग असं की शुगरवाल्यांच्या जखमा आता झटपट भरणार. आमच्या मोठ्या बाबांनी ती कापून पाकिटात ठेवली. जानेवारीत तूर काढताना त्यांच्या तळपायात धसकट घुसलं होतं, पण शुगरनं पाय बधिर, त्यांना पत्ताच नाही, संध्याकाळी मोठ्या आईनं चपलेत रक्त पाहिलं तेव्हा समजलं. मग हळद झाली, मेडिकलमधलं मलम झालं, अन् मग ही बातमी. "ते औषध आलं का पाहून ये ना बाबू" असं मला दर आठवड्याला सांगत अन् ड्रेसिंगला जायचं टाळत. दीड महिना असाच गेला, त्यात एक बोट गेलं.

मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी केलेला, तालुक्याच्या गावी लॅबमध्ये रक्त तपासतो, म्हणून ते कात्रण शेवटपर्यंत वाचलं. पार खालच्या ओळीत एक शब्द होता, उंदरांवर. तो वर हेडिंगात पाहिजे होता, एवढ्यासाठीच हे पत्र.

आता उंदराचं कसं आहे की त्याच्या कातडीखाली पातळ स्नायूचा थर असतो, जखम झाली की कातडी चारी बाजूनं ओढली जाते अन् थैलीची दोरी ओढावी तसं तोंड मिटते. आपलं तसं नाही. आपल्याला खालून मांस भरत यावं लागते, मग काठाकाठानं कातडी सरकते. संशोधकांनाही हे माहीत असते, म्हणून कातडी ओढली जाऊ नये यासाठी कित्येक जण उंदराच्या जखमेभोवती सिलिकॉनची रिंग बसवतात. पण उंदीर तो उंदीर, त्याला ना शेणात उभं राहायचं ना पऱ्हाटी उपटायची.

संशोधन खोटं आहे असं मी म्हणून नाही राहिलो. उलट विषय लय भारी आहे अन् तोच तुम्ही चार ओळीत उरकता. जखम झाली की काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारतात, दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज येतात. हे मॅक्रोफेज म्हणजे आपल्या वावरातले गडी समजा, आधी धसकटं वेचायची, कचरा जाळायचा, अन् मग त्यांनीच पेरणीला लागायचं. शुगरमध्ये घोळ इथंच होते, गडी जाळपोळच करत बसतात, पेरणीवर येतच नाहीत, जखम महिनोन् महिने पेटलेली राहते. त्यांना थांब म्हणणाऱ्या पेशीही असतात, रेग्युलेटरी टी सेल. त्यांच्यावरच्या कामाला 2025 चं नोबेल मिळालं, जपानचे साकागुची अन् अमेरिकेचे ब्रन्को, रॅम्सडेल. अन् गंमत अशी की त्यातही एक उंदीरच होता, जन्मतःच बिघडलेल्या जनुकाचा. म्हणजे उंदराचे उपकार आहेतच, पण साकागुचींचा पेपर 1995 चा अन् नोबेल तीस वर्षांनी, तेवढा टाइम मोठ्या बाबांकडं नाही ना.

हळदीचंही तेच. जखमेवर हळद लावायचं अमेरिकेनं 1995 मध्ये पेटंट दिलं, माशेलकर सर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं भांडून 1997 मध्ये रद्द करायला लावलं, छातीच फुगते. पण त्यावरून तळपायाच्या खोल जखमेत स्वयंपाकघरातली हळद कोंबायचं लायसन नाही भेटत.

अन् बधिर पाय विदर्भाला नवे आहेत का? वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोग्यांचे पाय असेच होते, दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहते. वेल्लोरला कुष्ठरोग्यांचे सर्जन डॉ. पॉल ब्रँड अशा पायांना प्लॅस्टर घालत, जखमेवरचा भार कमी झाला की ती भरत येते. शुगरच्या पायालाही आज तेच करतात. भार काढा, मेलेलं मांस काढा, ड्रेसिंग, शुगर कंट्रोल. यावर तुमच्या पेपरात कधी हेडिंग पाहिलं नाही बुवा.

सध्या दर दोन दिवसांनी मोठ्या बाबांना ड्रेसिंगला मी गाडीवर नेतो, जखम नखाएवढी राहिली. डॉक्टर म्हणाले भरल्यावरही ती कातडी पहिल्यासारखी मजबूत नाही होणार, जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणून मऊ चप्पल कायमची. काल मी पाकिटातून ते कात्रण काढायला गेलो तर मोठ्या बाबांनी हात धरला, म्हणाले राहू दे, मागच्या बाजूला कापसाचा भाव आहे.

आपला एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ