घरपट्टीची सवलत नेमकी कुठून कापली जाते? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : करसवलती आणि नाशिकच्या देखभाल-दुरुस्तीचा पैसा

महोदय,

2022 मध्ये मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, आणि तेव्हापासून निवडणूक जवळ आली की हीच मागणी इतर शहरांतही ऐकू येते. नाशिकही त्यात आहे. घरपट्टी कमी झालेली कुणाला नको असते? आम्हीही ती भरतो. पण पाणीपुरवठा, रस्ते आणि लेखा या कामांशी आमचा संबंध असल्याने सवलतीचा पैसा अंदाजपत्रकाच्या कोणत्या ओळीतून जातो, हे आम्हाला दिसते.

पगार आणि निवृत्तिवेतन कापता येत नाही. पंपांचे वीजबिल थकवले तर शहर कोरडे पडते. कर्जाचा हप्ता चुकवता येत नाही, आणि आधी दिलेल्या कामांचे दायित्व तर डोक्यावर असतेच. उरते देखभाल-दुरुस्ती. ती यंदा झाली नाही तर 31 मार्चला कुणी जाब विचारत नाही, म्हणून कात्री तिथेच चालते.

महापालिकेच्या हातात स्वतःचे उत्पन्न तरी किती राहिले आहे? जकात होती तेव्हा नाक्यांवर रोजची रोकड जमा होत असे. 2013 मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आत उलाढाल असलेले व्यापारी त्यातून सुटले आणि 1 जुलै 2017 ला जीएसटीबरोबर उरलेलाही गेला. आता 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून, दरवर्षी 8 टक्के चक्रवाढीने राज्याकडून भरपाई मिळते. रक्कम मोठी आहे, पण ती ठरवण्यात महापालिकेचा काही हात नाही. डांबराचा भाव कच्च्या तेलाबरोबर हलतो, विजेचा दर नियामक आयोग ठरवतो, आणि अडीचशे चौरस किलोमीटरहून मोठ्या हद्दीत दर वर्षी नवे रस्ते आणि नव्या वाहिन्या ताब्यात येतात. यातले काहीच 8 टक्क्यांचा हिशेब पाळत नाही. स्वतःचे म्हणावे असे घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचे शुल्क एवढेच राहिले. तिसरे तर बांधकामातल्या तेजी-मंदीवर अवलंबून.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर घरपट्टी बसते ती, काढताना वार्षिक भाड्यातून 10 टक्के वजा करतात. कशासाठी, तर इमारतीच्या दुरुस्तीसाठी. म्हणजे घर वापरले की झिजते आणि त्याला दर वर्षी पैसा लागतो, हे कायद्याने घरमालकाच्या बाबतीत मान्य केले आहे. त्याच घराला पाणी देणाऱ्या वाहिनीसाठी मात्र अशी कोणतीही रक्कम बाजूला काढून ठेवलेली नसते.

पैसा आटला की काय होते, याचे एक उदाहरण रस्त्याखालचेच घेऊ. 200 मिलिमीटरच्या वाहिनीवर पाणी सोडण्या-थांबवण्यासाठी एक स्लूस व्हॉल्व असतो, रस्त्याखालच्या चेंबरमध्ये बसवलेला. त्याचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे गळती रोखणारी ग्लँड असते आणि तिच्यात ग्रॅफाइट लावलेली दोरी भरलेली असते. दोरी झिजली की दांड्याच्या कडेने पाणी पाझरते. उपाय साधा आहे : पुरवठा बंद करायचा, ग्लँडचे नट सैल करायचे, जुनी दोरी आकड्याने उपसायची, नवीन दोरीची वेढी कापून एकाचा सांधा दुसऱ्यावर येणार नाही अशी बसवायची, दोन्ही नट सारखे आवळायचे, दांड्याला ग्रीस लावायचे. दोन माणसे आणि हातभर दोरी एवढ्यात काम होते. वर्षातून दोनदा व्हॉल्व पूर्ण उघडून-बंद करून पाहिला की तो अडकतही नाही.

हे झाले नाही तर चेंबर कायम पाण्याने भरलेले राहते, नट गंजतात, आणि एक दिवस व्हॉल्व अर्ध्यावरच अडकतो. पुढच्या वस्तीत दाब पडतो. जुने नाशिक नऊ टेकड्यांवर वसले असे म्हणतात. तिथे चढावरच्या घरात आधी पाणी कमी होते. मग लोक थेट वाहिनीला मोटर लावतात. मोटरी खेचू लागल्या की वाहिनीत दाबाऐवजी ओढ तयार होते, आणि त्याच भरलेल्या चेंबरमधले किंवा शेजारच्या गटारातले पाणी फुटक्या सांध्यातून आत येते. पुढचे काम मग दवाखान्यात असते. पाण्याचा नमुना दूषित आला की वाहिनी बदलण्याचा लाखोंचा प्रस्ताव तयार होतो, आणि त्याला मंजुरीही मिळते, कारण ते भांडवली काम असते. दोरी बदलण्याची फीत कुणी कापत नाही.

गळतीचा आकडाही सांगतो. 10 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबाखाली 3 मिलिमीटरच्या छिद्रातून तासाला सुमारे 200 लिटर पाणी जाते. पुरवठा तीन तासांचा धरला तर 600 लिटर. माणशी 135 लिटरच्या निकषाने हे चौघांच्या घराचे दिवसभराचे पाणी झाले. गंगापूर, दारणा किंवा मुकणे धरणातून उचललेले, तुरटी-क्लोरीन घातलेले आणि वीज जाळून जलकुंभात चढवलेले पाणी.

रस्त्याचे गणित तर सरळच आहे. 7 मीटर रुंद, 1 किलोमीटर लांब डांबरी रस्ता म्हणजे 7,000 चौरस मीटर. उन्हाने वरचे डांबर कडक होते आणि केसासारख्या भेगा पडतात. त्याच वेळी 30 मिलिमीटरचे अस्तरीकरण केले, म्हणजे वर डांबराचा नवा थर दिला, तर सुमारे 210 घनमीटर, म्हणजे 500 टन गरम मिश्रण लागते. ते केले नाही तर पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, चाकांच्या दाबाने खडीतली बारीक माती वर उपसली जाते, आणि खाली काळी माती असेल तर ती फुगते. पाया गेला की नुसता थर टाकून भागत नाही. 450 मिलिमीटर खोदायचे म्हटले तर 3,150 घनमीटर माल काढावा लागतो. 10 घनमीटरच्या टिपरने तीनशेहून अधिक खेपा. तेवढेच पुन्हा भरायचे, थरावर थर दाबायचे, आणि 30 मिलिमीटरचा तोच थर शेवटी वर टाकायचाच असतो.

दरम्यान खड्डे बुजवले जातात, पण कसे? खड्ड्याच्या कडा सरळ चौकोनी कापून, आतले पाणी-धूळ काढून, नवा थर चिकटावा म्हणून चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास पातळ डांबराचा टॅक कोट मारून, मिश्रण 90 अंशांखाली थंड होण्याआधी दाबले तर तो पॅच टिकतो. पैसा नसला की कापणी आणि टॅक कोट आधी गळतात. मुरूम टाकला जातो, चार सरींत तो वाहून जातो, आणि वाहून गेलेला मुरूम पावसाळी गटाराच्या जाळीत बसतो. सराफ बाजार, दहीपूल परिसरात पाणी का साचते, याच्या उत्तरात जाळीत बसलेल्या या गाळाचाही वाटा असतो.

मलनिस्सारण केंद्रांबद्दल थोडक्यात. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या यंत्रणेत टाक्यांमधला गाळ ठरलेल्या वेळेला काढावाच लागतो. गाळ दाबणारे यंत्र एका सुट्या भागासाठी बंद पडले की गाळ साठतो आणि शेवटी प्रक्रिया झालेल्या पाण्याबरोबर गोदावरीत उतरतो. बिल मात्र पूर्ण प्रक्रियेचेच लागते.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण 2026-27 चा सिंहस्थ. कुंभाचा पैसा बांधायला मिळतो, सांभाळायला नाही. काँक्रीटचे रस्ते केले की देखभाल संपली, ही समजूत आम्ही अनेकदा ऐकली आहे. काँक्रीटला साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे कापतात. 7 मीटर रुंदीच्या एका किलोमीटरमध्ये आडवे आणि मधला उभा मिळून अडीच किलोमीटर लांबीचे सांधे भरतात. त्यात पाणी जाऊ नये म्हणून भरलेले सीलंट काही वर्षांत सुटते. ते खरवडून पुन्हा भरले नाही तर पाणी खाली जाते आणि स्लॅबचे कोपरे तुटू लागतात. नवे पूल, घाट, पंपगृहे, दिवे, केंद्रे यांपैकी प्रत्येकाचा असा एक वार्षिक खर्च आहे. तो दोष दायित्वाच्या काळात, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करायच्या मुदतीत, ठेकेदार करतो. नंतर तो घरपट्टीतून भागवायचा आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की, सवलतीच्या ज्या शासन निर्णयाने उत्पन्न घटेल, त्याच निर्णयात भरपाईची रक्कम, ती ज्या खात्यातून येईल ते लेखाशीर्ष आणि तिची वार्षिक वाढ लिहावी. पंधराव्या वित्त आयोगाने 2022-23 पासून अनुदानासाठी मालमत्ता कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीबरोबर वाढावी अशी अट घातली होती; एका हाताने माफी आणि दुसऱ्या हाताने अनुदानाची अट, हा तिढा महापालिकेने कसा सोडवायचा? शास्तीमाफीच्या, म्हणजे थकबाकीवरचा दंड माफ करणाऱ्या अभय योजनाही आवराव्यात. दरमहा 2 टक्के शास्ती माफ होणार हे एकदा कळले की एप्रिलमध्ये भरणारा शहाणा ठरत नाही. सिंहस्थाच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा तक्ता जोडावा, आणि काम हस्तांतरित होताना व्हॉल्व, पंप, सांधे, बेअरिंग यांची यादी त्याबरोबर द्यावी.

लहान घरांना दिलासा द्यायचाच असेल तर घरपट्टीच्या बिलातल्या सर्वसाधारण कर या एका रकान्यापुरता द्यावा. मुंबईत 2019 मध्ये आधी तसेच केले होते. पाणी आणि मलनिस्सारणाच्या करांना हात लावू नये. आणि घरपट्टीच्या बिलात एक रकाना राज्य शिक्षण कराचाही असतो. तो महापालिका वसूल करते आणि शासनाला भरते. सवलतीची सुरुवात त्या रकान्यापासून करता येईल, आणि त्यासाठी नाशिकच्या एकाही व्हॉल्वची दोरी अडकून राहणार नाही.

आपले,
पाणीपुरवठा, रस्ते आणि लेखा या कामांशी संबंधित काही नाशिककर