फुग्यातले जीवाणू आणि दोनशे कुंडल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परग्रहावरचे जीव सापडल्याच्या, पुनर्जन्माच्या, तंतोतंत खऱ्या ठरलेल्या भविष्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. त्यांत 'पुरावा' हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो, याचे वाईट वाटते. पुरावा कसा गोळा करायचा आणि तो कुठे गळतो, हे दाखवणारे दोन प्रयोग आपल्याकडे झाले आहेत आणि दोन्हींत दिवंगत डॉ. जयंत नारळीकर होते.

पहिला २००८ चा. नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या कोणत्याही ४० पाठवायच्या आणि त्याने कुठली कुंडली कुठल्या गटातली एवढेच कळवायचे. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली.

आता रेघ कुठे मारायची? डोळे मिटून हुशार-अक्षम लिहीत गेले तरी सरासरी २० उत्तरे बरोबर येतात. २२-२३ येणे हे नशिबाच्या सहज आवाक्यातले. नुसत्या नशिबावर २८ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता मात्र शंभरात एकाहूनही कमी, म्हणून २८ ही रेघ. सर्वांत जास्त गुण पडले २४. दोघांना २२ आणि उरलेल्या २४ जणांना २० किंवा त्याहून कमी. सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. समजा, २४ गुण मिळवणाऱ्या एकट्याचीच मुलाखत छापली असती, तर मथळा '६० टक्के अचूक भविष्य' असाच झाला असता आणि त्यातला आकडा खोटा नसता!

जन्मवेळ चुकीची असू शकते हा आक्षेप रास्त आहे. कुंडलीतले लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते, सीमेवरच्या वेळेत पाच मिनिटांनीही फरक पडतो. पण हाच आक्षेप रोज दक्षिणा घेऊन पाहिल्या जाणाऱ्या पत्रिकांनाही तितकाच लागू आहे.

दुसरा प्रयोग एप्रिल २००५ चा, इस्रोच्या साहाय्याने झालेला. खूप उंचावरच्या हवेत जीव आहेत का आणि ते पृथ्वीबाहेरून आले असतील का, हा प्रश्न होता. हैदराबादच्या तळावरून २ कोटी ६७ लाख घनफुटांचा फुगा सोडला, खाली ४५९ किलोची उपकरणे. त्यांत निर्जंतुक केलेल्या आणि आतली हवा काढून टाकलेल्या पोलादी नळ्या होत्या, द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. ४१ किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे चारशेव्या हिश्शाइतका उरतो, तिथे साध्या पंपाचा निभाव लागत नाही. निऑनचे तापमान उणे २४६ अंश सेल्सिअस. झडप उघडली की आत येणारा नायट्रोजन आणि ऑक्सिजन नळीच्या भिंतीवर गोठतो, आत जागा रिकामीच राहते आणि बाहेरची हवा ओढली जाते. असे २० ते ४१ किलोमीटरमधले नमुने घेऊन नळ्या पॅराशूटने उतरवल्या. तपासणी हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये, पेशींवर संशोधन करणाऱ्या या दोन संस्थांत, वेगवेगळी झाली.

जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. जीवाणूंपैकी ९ पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळले. तीन जाती नव्या निघाल्या: जॅनिबॅक्टर हॉयलाय, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभटाय. जवळच्या नातेवाइकांपेक्षा तिन्ही अतिनील किरणांपुढे जास्त तग धरणाऱ्या. मार्च २००९ मध्ये इस्रोने हे जाहीर केले, तेव्हा हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत असे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही त्याच निवेदनात सांगितले.

अडचण कुठे आहे ते जरा जवळून पाहायला हवे. नळी कितीही निर्जंतुक केली तरी फुगा, दोर आणि सांगाडा जमिनीवरूनच वर जातात, त्यांच्या पृष्ठभागावरचे जंतूही सोबत जातात. सापडलेले जंतू हेच नव्हेत, हे कळण्यासाठी न उघडलेली नळीही तशीच वर नेऊन, तशीच तपासून कोरी आढळावी लागते. शिवाय धूळ खालूनही वर चढते. १९९१ च्या पिनाटुबो ज्वालामुखीची राख ३५ किलोमीटरच्या आसपास पोचली होती. इतक्या विरळ हवेत कण लवकर खाली बसतात, म्हणजे तिथे जंतू वरूनच येत असावेत, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा आहे आणि तो कच्चा नाही. पण ज्या जनुकावरून जात ओळखली, ते १६एस जनुकच या जीवाणूंना पृथ्वीवरच्या कुळात बसवते. पृथ्वीवरचे जीवनही वरूनच आले असे मानले, तर तेच जनुक दोन्ही बाजूंचा पुरावा ठरते, म्हणजे कुणाचाच नाही. मग उरते समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची चाचणी. कार्बन-१३ आणि कार्बन-१२ यांचे प्रमाण पृथ्वीवरच्या सजीवांपेक्षा स्पष्ट वेगळे यायला हवे. ते मोजायचे प्रत्यक्ष पकडलेल्या पेशींवर. प्रयोगशाळेत वाढवलेल्या वसाहतीवर मोजले तर आपण घातलेल्या खाद्यातलाच कार्बन मोजला जातो. आणि पकडलेल्या पेशी मूठभरही नसतात.

पुढे बॅसिलस आर्यभटाय मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत, सोयाबीनच्या मुळांशी सापडला. मातीतले जस्त विरघळवून पिकाला देणारा जीवाणू म्हणून आता त्याचा अभ्यास होतो. ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेत भेटलेली जात बांधावरही भेटते, ही बातमी पहिल्या बातमीइतकीच मोठी आहे.

म्हणून विनंती अशी, की असा दावा छापताना कोरा नमुना तपासला होता का, उत्तरांची किल्ली कोणाकडे होती आणि यश-अपयशाची रेघ आधी मारली होती की निकाल पाहून, हे बातमीदाराने विचारावे व उत्तर बातमीतच द्यावे. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे. आणि पुढे कधी त्याच दाव्याचा सोयाबीनच्या शेतात उलगडा झाला, तर त्यालाही त्याच पानावर तेवढीच जागा द्यावी.

आपला,
एक वाचक