गोळीचे नाव छापा, मात्राही छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत साखरेच्या पर्यायाने कर्करोग होतो अशा अर्थाचा मथळा वाचला आणि सोमवारी दुकानाचे शटर वर करायच्या आतच मला तिघांचे फोन आले. मिरजेत मी २१ वर्षे औषधाचे दुकान चालवते. पूर्ण लेख दोनदा वाचला. पर्याय कोणता आणि किती खाल्ला तर, हे त्यात शेवटपर्यंत आलेच नाही. म्हणून हे पत्र.

जुलै २०२३ मध्येही असेच झाले होते. एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे नेहमी येतात. पंधरा वर्षांचा मधुमेह आहे. ते खिशात कात्रण घालून आले, चहात साखरेऐवजी टाकायच्या गोळ्यांची अर्धी संपलेली डबी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ताई, ही टाकून द्या. कॅन्सर होतोय म्हणं यानं." मी परोपरीने सांगितले, पण छापून आलेल्या अक्षरापुढे माझे काय चालणार? त्यांनी चहात गूळ सुरू केला. गूळ नैसर्गिक, तो मधुमेहाला चालतो, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. दिवसाला चार चहा, प्रत्येकात सुपारीएवढा खडा. तीन महिन्यांनी एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन आले तेव्हा आकडा ७.४ वरून ९.१ वर गेला होता. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिले होते. रिपोर्टची त्यांनी इतकी बारीक घडी केली होती की उलगडताना तो मधोमध फाटला.

त्या दिवशी बिलाच्या कोऱ्या पाठीवर मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. त्यांच्या डबीत ॲस्पार्टेम हे गोड रसायन होते, एका गोळीत १८ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ठरवलेली मर्यादा आहे दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम. काकांचे वजन ६० किलो, म्हणजे २,४०० मिलिग्रॅम. गोळ्यांत मोजले तर दिवसाला १३३. काका घेत होते आठ.

मग ती बातमी खोटी होती का? नव्हती, अर्धी होती. १४ जुलै २०२३ रोजी एकाच वेळी दोन निष्कर्ष जाहीर झाले. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲस्पार्टेमला '२ब' गटात, म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकले. त्याच दिवशी वर सांगितलेल्या समितीने पुरावे तपासून ४० मिलिग्रॅमची मर्यादा बदलायचे कारण नाही असे सांगितले. हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा ते सांगत नाहीत. ६५ अंशांपेक्षा गरम पेय पिणे याच संस्थेच्या '२अ' गटात आहे, म्हणजे पुराव्याच्या दृष्टीने ॲस्पार्टेमच्या वरच्या पायरीवर. काकांना मी सांगितले, गोळी राहू द्या, पण चहा बशीत ओतून जरा निवू द्या.

माझी खरी तक्रार 'कृत्रिम साखर' या एका शब्दाबद्दल आहे. त्या शब्दाखाली वेगवेगळी रसायने येतात आणि प्रत्येकाची कहाणी निराळी. सॅकरिनचे घ्या. १९७७ मध्ये कॅनडातल्या प्रयोगात उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाला आणि अमेरिकेत बंदीची तयारी झाली. पुढे कळले की नर उंदरांच्या लघवीत जे बारीक स्फटिक बनून मूत्राशयाला इजा करतात, तो प्रकार माणसात घडत नाही. २००० मध्ये अमेरिकेच्या कर्करोगकारक पदार्थांच्या यादीतून सॅकरिनचे नाव काढले गेले. ती बातमी किती जणांनी वाचली?

सुक्रालोजची गोष्ट तर आपल्या माणसाची. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून संयुगे बनवत होते. एका संयुगाची 'test' म्हणजे चाचणी करायला सांगितले, त्यांना ऐकू आले 'taste' म्हणजे चव बघ, आणि त्यांनी ते जिभेवर ठेवले. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड! उष्णतेत ॲस्पार्टेमची गोडी जाते, म्हणून चहा उकळताना गोळी टाकू नये. सुक्रालोज जास्त तग धरते, म्हणून मिठाईवाले ते वापरतात. पण १२० अंशांच्या वर ते तापवले तर क्लोरीनयुक्त घातक संयुगे बनू शकतात, असा इशारा जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये दिला आहे. शुगर फ्री शंकरपाळे तळणाऱ्या बायकांना हे कुणीतरी सांगायला हवे. हे वाक्य तुमच्या लेखात असते तर मी कात्रण काढून दुकानात लावले असते.

सावध राहायच्या जागा आहेतच. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्या मुलाला ॲस्पार्टेम चालत नाही. लहान मुलांच्या काही विरघळणाऱ्या गोळ्यांतही ते असते, त्यामुळे अशा पालकांनी प्रत्येक वेळी लेबल वाचावे. आणि वजन उतरवण्यासाठी या गोळ्या घेऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्येच सांगितले आहे. जिमला जाणारी पोरे डबी मागतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते. मात्र तो सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, हे त्याच मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले आहे. काकांपर्यंत नेमके तेवढेच पोचले नाही.

माझी विनंती एवढीच. यापुढे असा लेख छापाल तेव्हा पदार्थाचे नाव द्या, दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम ते द्या, आणि प्रयोग पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, तेही द्या. मथळ्याखाली चार ओळींची चौकट पुरते.

काका परवा आले होते. इन्सुलिन चालू आहे. रविवारची पुरवणी त्यांनीही वाचली होती. डबी हातात धरून त्यांनी विचारले, "ताई, परत कायतरी आलंय. आता काय करू?" बिलाच्या पाठीवर मी पुन्हा तोच हिशेब लिहून दिला.

आपली,
एक औषधविक्रेती, मिरज