गुऱ्हाळाची चित्रं आणि उन्हाळ्याचा वर्ग

कोल्हापूर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे म्हणालीस त्याचं उत्तर तेव्हा नीट देता आलं नाही. आईने मध्येच तुझ्या तब्येतीचा विषय काढला आणि माझं बोलणं राहून गेलं, म्हणून लिहायला बसलो. तुझं म्हणणं असं, की मे महिन्यात प्रदर्शन आहे तर यंदा मुलांचा चित्रकलेचा वर्ग बंद ठेवावा. या वयात दोन्हीकडे ओढाताण कशाला? काळजीने म्हणतेस हे मला कळतं. पण वर्ग बंद ठेवणार नाही. यंदाचा वर्ग मी प्रदर्शनाच्या हॉलमध्येच सुरू करायचं ठरवलं आहे आणि त्यात मला तुझी मदत हवी आहे.

आधी चित्रांचं सांगतो. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाचं कलादालन मिळालं आहे. विषय एकच ठेवलाय, गुऱ्हाळघरं. रंकाळा आणि पंचगंगेचा घाट मी आयुष्यभर रंगवला. कोल्हापुरात ब्रश हातात धरणारा प्रत्येकजण तो रंगवतोच. पण गुऱ्हाळाकडे चित्र म्हणून बघायला मला निवृत्तीपर्यंत सवड मिळाली नाही. शाळेत असताना हंगामातली सकाळ हजेरीपटात जायची, आणि गुऱ्हाळाची खरी वेळ तर पहाटेचीच. बाहेर थंडी असते, चुलवणाच्या भट्टीत उसाचं चिपाड धडधडत असतं, आत काळोख आणि रस आटवायच्या मोठ्या कढईवर, काहिलीवर, वाफेचा लोट. रस तापायला लागला की भेंडीच्या चिकाचं पाणी टाकतात, मळी वर येते, झाऱ्याने ती काढत राहतात. हिरवट करड्या रसाचा पिवळा होतो, पिवळ्याचा तांबूस. गूळ करणारा गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करून बघतो आणि एका क्षणी काहील उतरवा म्हणतो. तो क्षण त्याला कसा कळतो हे मी कितीतरी वेळा जवळ उभं राहून पाहिलं आहे. ज्याच्याकडे मी बसायचो तो म्हातारा एरवी फारसं बोलत नाही, पण पाक बघताना त्याचा चेहरा असा काही एकवटतो की त्या चेहऱ्याचंच एक चित्र मी केलं आहे. ते विकायचं नाही. त्याला द्यायचं आहे.

वाफ जलरंगात फार अवघड. पांढरा रंग वापरला की ती मेली. कागदाचा पांढरेपणाच वाफ म्हणून राखायचा आणि भोवतीचा काळोख ओल्या कागदावर असा सोडायचा की कुठे कडा पकडली जाणार नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करून मी तो काळोख करतो. निळा जास्त पडला तर थंड, सिएना जास्त पडला तर आगीजवळचा. थॅलो निळा या कामाला घेतच नाही. तो कागदात मुरून बसतो, नंतर ओल्या ब्रशने उचलायला गेलं तर निघत नाही. आणि जलरंग वाळल्यावर फिका पडतो, त्यामुळे ओला असताना अंधार जरा जास्तच वाटला पाहिजे. हे सगळं मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो. स्वतः चुलवणाशेजारी मांडीवर बोर्ड घेऊन बसल्यावर मात्र दर वेळी ते नव्याने शिकावं लागतं, कारण आगीच्या धगीने कागद भराभर वाळतो आणि पातळ रंगाचा वॉश पसरायच्या आत कडा कोरडी होते.

तू विचारलंस, आगीचा तो पूर्वीचा लाल कुठे गेला. तो अ‍ॅलिझरिन क्रिमसन होता. दिसायला फार सुंदर, पण उजेडात उडतो. रंगांच्या पट्ट्या करून, निम्म्या काळ्या कागदाने झाकून मी त्या माडीवरच्या खिडकीत लावून ठेवल्या होत्या. उन्हाळा सरेपर्यंत क्रिमसनची उघडी बाजू स्पष्ट फिकी झाली. सिएना आणि अल्ट्रामरीन जसेच्या तसे. तेव्हापासून मी लालासाठी क्विनॅक्रिडोन घेतो. महाग पडतो, पण एखादा माणूस चार पैसे साठवून चित्र नेतो, बैठकीत लावतो, त्याच्या भिंतीवर ते टिकलं पाहिजे.

फ्रेमिंगच्या खर्चावरून तू बोललीस. तिथे मी हात आखडता घेणार नाही. चित्राभोवतीचा पुठ्ठा, साधा माउंट, स्वस्त मिळतो, पण त्यातल्या आम्लाने कापलेल्या कडेशी कागद काही वर्षांनी पिवळा पडतो. माउंटच नको असंही चालत नाही. काच चित्राला टेकली की आपल्याकडच्या पावसाळ्यात आत दमटपणा धरतो आणि बुरशी येते. सगळ्या चौकटी एकसारख्या, बारीक आणि काळ्या सांगितल्या आहेत. पंचविसेक चित्रंच लावणार. तुला वाटतं भिंत भरलेली दिसावी, मला वाटतं एका चित्रापासून दुसऱ्याकडे जाताना डोळ्याला मोकळी जागा मिळावी. किमतीचं तू म्हणतेस तसं करू. अर्ध्या कागदाच्या (हाफ शीट) चित्रांची किंमत थोडी वाढवतो, पाव कागदाच्या (क्वार्टर) चित्रांची नाही. शिक्षक, नोकरदार माणसाला एक चित्र घेता यायला हवं.

आता वर्गाचं, ज्यासाठी हे पत्र.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक दहावीच्या वाढीव गुणांसाठी. पालक पहिल्याच दिवशी तेच विचारतात. त्यात मला गैर वाटत नाही. गुणांच्या निमित्ताने का होईना, मूल हातात पेन्सिल घेतं. मला त्रास होतो तो स्मरणचित्राचा. मुलं मार्गदर्शक पुस्तकांतली तयार माणसं पाठ करतात. एक फुगेवाला, एक भाजीवाली, एक वाकलेला शेतकरी. विषय कुठलाही येवो, तीच तिघं त्यात उभी. ‘स्मरण’ म्हणजे स्वतः बघितलेलं आठवणं, आणि या मुलांना बघायला कोणी नेतच नाही. तू लहान असताना मी तुला कपिलतीर्थ मंडईत नेऊन कट्ट्यावर बसवायचो आणि घरी आल्यावर काढायला लावायचो, आठवतं? तागडी उचलताना बाईचा खांदा कोणत्या बाजूला खाली येतो यावर आपलं भांडण झालं होतं, आणि तुझंच बरोबर होतं.

म्हणून या वर्षी असं योजलंय. प्रदर्शनाच्या शेवटच्या दोन दिवशी सकाळी, लोक यायच्या आत, वर्गाची मुलं हॉलमध्ये बसतील. एका कोपऱ्यात वस्तुचित्राची मांडणी करायची. गुळाची ढेप, झारा, पितळी कळशी, उसाच्या चार कांड्या आणि मागे पांढरं धोतर. ढेपेचा आकार वर-खाली वेगळ्या घेराचा, त्यामुळे तिची लंबवर्तुळं बरोबर काढणं ही चांगली परीक्षा आहे. मुंग्यांची काळजी घ्यावी लागेल. ढेप मी पाण्याच्या थाळीतल्या पाटावर ठेवणार आहे. मग मुलांनी भिंतीवरच्या चित्रांतलं एक माणूस निवडायचं, त्याच्यासारखं उभं राहून बघायचं आणि चित्राकडे पाठ करून काढायचं. गुळव्याही एक दिवस येतो म्हणालाय. मुलांनी त्याला काय वाटेल ते विचारावं. गुऱ्हाळं दर वर्षी कमी होत चालली आहेत, ऊस कारखान्याला जातो. शहरातल्या कितीतरी मुलांनी काहील पाहिलेलीच नाही.

यासाठी एक भिंत मी मुलांची ठेवणार आहे. एरवी चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 58 इंचांवर येतो, तो मोठ्यांच्या डोळ्यांचा हिशेब. त्या भिंतीवर लहान आकाराची चित्रं बरीच खाली लावू, म्हणजे दहा वर्षांच्या पोराला मान वर करावी लागणार नाही.

त्यानंतरचा आठवडा टाउन हॉल म्युझियमला. आबालाल रहिमानांची चित्रं तिथे आहेत. मुलांना मी सांगणार आहे की हा माणूस मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून शिकून परत इथेच आला, शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिला आणि कोटितीर्थाच्या काठावर बसून हेच पाणी, हीच झाडं रंगवत राहिला. 1931 साली ते गेले. आपल्या पायाखालची जागा चित्राला पुरते हे या गावाला त्यांनी दाखवलं, असं मी मानतो. राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे संग्रहालयातही नेईन, पावडर शेडिंग बघायला. नटाचं घर म्हणून मुलं हौसेने येतात आणि चित्रांसमोर थबकतात. परीक्षेची भूमिती आणि अक्षरलेखन जूनपासून, ते काही पळून जात नाही.

आता तुझ्याकडचं काम. चित्रांखालच्या पाट्या तू लिहायच्यास. छापील नकोत. तुझं अक्षरलेखन माझ्याहून चांगलं आहे आणि तू ते सोडून दिलंस याचं मला वाईट वाटतं, हेही इथेच सांगून टाकतो. चित्रांना काव्यमय नावं द्यायची नाहीत. ‘चुलवण’, ‘मळी काढताना’, ‘पहिली काहील’ असं जे आहे तेच. हॉलच्या दाराशी अर्धा पान मजकूरही लावू, रसाचा गूळ कसा होतो एवढाच. तो तू लिही, मी शब्द पुरवतो. आणि मुलांच्या त्या दोन सकाळी तू माझ्याबरोबर हॉलमध्ये बस. तुझ्या वयाच्या कोणीतरी ऑफिसमधून रजा काढून मांडी घालून ढेप काढत बसलंय, हे त्या मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी पाहावं अशी माझी फार इच्छा आहे.

माझ्या ओढाताणीची चिंता करू नकोस. हमालीचं काम जुने विद्यार्थी करणार आहेत, चित्रं टांगायलाही तेच येतील. मला फक्त कोणतं कुठे ते सांगायचं आहे, आणि तिथेही तुझी नजर लागेल, म्हणून दोन दिवस आधी ये.

येताना पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून पाट्यांसाठी जाड पांढरे कागद आण. मुलांच्या कामासाठीही थोडे घे, पण खरबरीत पोताचे नकोत, पेन्सिल अडखळते. पैसे मी देईन, ते तू द्यायचे नाहीत. रजेचा अर्ज या आठवड्यातच टाक. आईने तुझ्यासाठी काकवीची बरणी काढून ठेवली आहे.

तुझे,
बाबा